छापा, काटा आणि कड

नाणेफेकीच्या वेळी कोणी छापा मागतो, कोणी काटा मागतो. कड मागणारा मनुष्य अजून कोणास भेटलेला नाही. चुकून नाणे कडेवर उभे राहिलेच तर तो चमत्कार समजून ते पुन्हा उडवण्यात येते. नाण्यास दोन बाजू असतात हे वाक्य तर आपण इतक्या वेळा ऐकलेले आहे की, त्यास तिसरीही एक बाजू आहे, याचा आपणांस विसरच पडला आहे. पण ज्यांनी नाणी पाडली, ज्यांनी ती पारखली आणि ज्यांनी ती खोटी केली, त्या तिन्ही वर्गांतील लोकांची नजर शेकडो वर्षे या तिसऱ्या बाजूवर खिळलेली होती. आपल्या आजीच्या पेटीतील चांदीचा रुपया घ्या. त्याची कड जाडीला जेमतेम दोन मिलिमीटर. उलगडून सरळ केली तर लांबीला सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. एवढ्या चिंचोळ्या पट्टीवर काय काय लिहिलेले असते, आणि काय लिहिलेले असूनही आपण वाचत नाही, हे आज पाहावयाचे आहे.

आधी आपल्या घरची गोष्ट पाहू. हिंदुस्थानात यंत्रे येण्यापूर्वी नाणे हाताने पाडले जाई. चांदीचा वा तांब्याचा तुकडा तोलून घ्यावा, ठोकून त्याची चकती करावी, खालच्या ठशावर ती ठेवावी, वरून दुसरा ठसा धरावा आणि घणाचा घाव घालावा. या पद्धतीत दोन गोष्टी आपोआप घडत. एक तर चकतीभोवती काही अडसर नसल्यामुळे घावासरशी धातू वाटेल तिकडे पसरे आणि नाण्याची कड ओबडधोबड राही. कोठे फुगलेली, कोठे चिरलेली. दुसरे म्हणजे ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे ठशावरील मजकुराचा काही भाग नाण्यावर उमटे आणि उरलेला कडेबाहेर हवेत जाई. शिवछत्रपतींची शिवराई आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी तिच्यावरील अक्षरे. परंतु हाती येणाऱ्या शिवरायांपैकी पुष्कळ अशा असतात की, एकीवर ‘राजा’ दिसतो पण ‘श्री’ गेलेली असते. दुसरीवर ‘पति’ शाबूत असतो आणि ‘छत्र’ अर्धे. नागपूरकर भोसल्यांचा रुपया घ्या. त्यावर मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर असे, आणि त्यातीलही बराचसा भाग कडेपलीकडे गेलेला असे.

यावरून कोणी असा समज करून घेईल की, आपले कारागीर निष्काळजी होते. तसे नव्हते. त्या काळी नाण्याची किंमत त्यावरील अक्षरांत नव्हती, वजनात आणि कसात होती. म्हणून चकती तोलण्यात सारे लक्ष. अगदी प्राचीन काळची आहत नाणी, म्हणजे चांदीच्या पत्र्याचे तुकडे करून त्यांवर निरनिराळी चिन्हे ठोकलेली नाणी, विदर्भातही सापडतात. त्यांतील कित्येकांचा एखादा कोपरा छाटलेला असतो. तो चोराने छाटलेला नव्हे; वजन अधिक भरले म्हणून टांकसाळीतच छाटलेला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कडेवर एक प्रकारचा लेख होताच. त्याची लिपी कातरीची होती इतकेच.

ओतीव नाण्यांची कड आणखी निराळी. मातीच्या साच्यात वितळलेले तांबे ओतावयाचे, ते पन्हळीतून एका घरातून दुसऱ्या घरात जावयाचे, आणि थंड झाल्यावर नाणी एकमेकांपासून तोडून घ्यावयाची. तोडलेल्या ठिकाणी कडेवर एक लहानसा खुंट राहून जातो. हरियाणातील रोहतकजवळच्या खोकराकोट येथे असे साचे मोठ्या संख्येने मिळाले. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बीरबल साहनी यांनी त्यांचा अभ्यास करून प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या पद्धतीवर १९४५ साली ग्रंथ लिहिला. पानाफुलांच्या जीवाश्मांचा अभ्यासक नाण्यांकडे वळला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मातीत उमटलेला ठसा वाचणे ही दोन्हीकडची विद्या एकच.

असो. हाताने पाडलेल्या रुपयाची कड ओबडधोबड असण्यात एक मोठा धोका होता. कड मुळातच वाकडीतिकडी असल्यामुळे तिचा थोडा भाग कोणी कातरून घेतला तर ते ओळखावयाचे कसे? कोणी कातरीने काप काढी, कोणी कानशीने घासून भुकटी गोळा करी. कोणी तर नाणी थैलीत घालून ती थैली तासन्‌तास हालवी. नाणी एकमेकांवर घासून जी धूळ तळाशी बसे, ती विकली जाई आणि नाणी पुन्हा बाजारात जात. एका रुपयामागे गुंजभर चांदी गेली तर ती कोणाच्या ध्यानात येत नसे. पण हजार रुपयांमागे ती हजार गुंजा होई. हा तोटा शेवटी पडे कोणावर? सरकारी सारा भरताना तराजूपुढे उभ्या राहणाऱ्या रयतेवर. सराफ रुपया हातात घेई, वाजवून पाही, तोली, आणि झीज व कस पाहून त्याच्या किमतीतून काही कापून घेई. या कपातीचे नाव बट्टा. नावाला बट्टा लागला असे आपण आजही म्हणतो. त्या शब्दामागे पेठेतील सराफाचे दुकान आणि त्यापुढे हात जोडून बसलेला कुणबी आहे, हे ध्यानात असू द्यावे. शिवाय नागपुरी रुपयाचा दर निराळा, हैदराबादकडील हाली शिक्क्याचा निराळा, कंपनीच्या रुपयाचा निराळा. आणि आपला हा वैनगंगेकाठचा मुलूख या सर्वांच्या सांध्यावर.

युरोपातही हीच चोरी होती, किंबहुना अधिक होती. इंग्लंडात १६९६ साली जुनी हातघडणीची चांदीची नाणी परत घेऊन वितळवण्यात आली, तेव्हा ती कातरून कातरून सरासरीने जवळजवळ निम्म्या वजनावर आलेली होती. या चोरीवरील उपाय मात्र त्याआधीच, १६६२ सालापासून, तेथे अमलात येऊ लागला होता. पिएर ब्लाँदो नावाच्या फ्रेंच कारागिराने कडेवर अक्षरे उमटवण्याची युक्ती इंग्लंडच्या टांकसाळीस दिली. तिच्या जोरावर मोठ्या नाण्यांच्या कडेवर ‘डेकस एट ट्युटामेन’ हे लॅटिन शब्द आले. त्यांचा अर्थ ‘भूषण आणि रक्षण’. कडेवरील अक्षरांचे काम यापेक्षा थोड्या शब्दांत कोणास सांगता येणार नाही. कड कातरली की अक्षर कातरले गेले, आणि अक्षर कातरले गेले की ते आंधळ्यालाही बोटाने कळले. नाण्याच्या कडेवरील दाते आयझॅक न्यूटनने शोधून काढले, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. ती खरी नाही. न्यूटन टांकसाळीवर अधिकारी म्हणून आला तो १६९६ साली; तोवर अक्षरांच्या आणि दात्यांच्या कडा तेथे चांगल्या रुळल्या होत्या. खोटी नाणी पाडणाऱ्यांचा त्याने कसून पाठलाग केला, हे मात्र खरे आहे आणि तेवढे श्रेय त्याला पुरे आहे.

आता ही अक्षरे कडेवर चढतात कशी, हे समजून घेऊ. कारण अभ्यासकाच्या दृष्टीने खरी गंमत तेथेच आहे. जुन्या पद्धतीत दोन पोलादी पट्ट्या समोरासमोर बसवलेल्या असत. एक स्थिर, दुसरी दात्यांच्या चाकाने पुढे सरकणारी. पट्ट्यांच्या आतल्या अंगास अक्षरे कोरलेली. दोहोंच्या मध्ये कोरी चकती उभ्या कडेने धरावयाची आणि पट्टी सरकवावयाची. पोळपाटावर लाटी फिरावी तशी चकती फिरे आणि अर्ध्या फेऱ्यात तिच्या सबंध कडेवर अक्षरे दाबली जात. निम्मी एका पट्टीची, निम्मी दुसरीची. हे काम छापा-काटा उमटवण्याच्या आधी होई. मग त्या चकत्यांची रास दुसऱ्या यंत्राकडे जाई आणि तेथे प्रत्येक चकती हाताला येईल तशी ठशाखाली पडे. याचा परिणाम असा की, छापा वर धरला असता कडेवरील अक्षरे काही नाण्यांवर सुलटी येतात आणि काही नाण्यांवर उलटी. ही चूक नव्हे. ते पद्धतीचेच फळ आहे. इंग्लंडच्या १९८३ पासूनच्या गोल पौंडावर हेच ‘भूषण आणि रक्षण’ होते, आणि उलट्या अक्षरांचे नाणे म्हणजे दुर्मिळ चूक असे समजून ते चढ्या भावाने घेणारे लोक तेथेही निघाले.

दुसरी पद्धत कड्याची. ठशाखाली चकती ठेवताना तिच्याभोवती पोलादाचे घट्ट कडे बसवावयाचे. दाब पडला की धातू पसरतो, पण कड्यापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून नाणे नेमके गोल होते. कड्याच्या आतल्या अंगास उभे दाते असतील तर ते दाते नाण्यावर उमटतात, आणि दाते उभे असल्यामुळे नाणे सरळ वर ढकलून बाहेर काढता येते. पण कड्यात अक्षरे कोरली असतील तर? उठावाची अक्षरे कड्याच्या खाचांत अडकून बसतील आणि नाणे बाहेरच निघणार नाही. यावर तोड अशी की, कडे एकसंध न करता तीन तुकड्यांचे करावयाचे. घाव पडताना ते मिटावे आणि नंतर उघडावे. अशा नाण्याच्या कडेवर भिंगातून पाहिल्यास तुकड्यांचे सांधे बारीक रेघांसारखे कधी कधी दिसतात. शिवाय छापा आणि कड एकाच घावात उमटल्यामुळे सगळ्या नाण्यांवर अक्षरे एकाच रोखाने असतात. म्हणजे चार-सहा सारखी नाणी कडेवर उभी करून अक्षरांचा रोख पाहिला की, ती कोणत्या पद्धतीने घडली असावीत याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. यास भिंगापलीकडे काही लागत नाही.

हिंदुस्थानात कडेवर अक्षरे आली ती ईस्ट इंडिया कंपनीबरोबर. बर्मिंगहॅमच्या सोहो कारखान्यात मॅथ्यू बोल्टन याने वाफेच्या यंत्रांवर नाणी पाडण्याचा उद्योग उभारला होता. मुंबई इलाख्यासाठी तराजूचे चित्र आणि ‘अदल’ म्हणजे न्याय हा शब्द असलेली तांब्याची नाणी त्याने १७९१ साली पाडली. १७९४ साली मद्रास इलाख्यासाठी जी तांब्याची नाणी त्याने पाठवली, त्यांच्या कडेवर संयुक्त ईस्ट इंडिया कंपनीचे नाव इंग्रजी अक्षरांत फिरवलेले होते. रुपयाला अठ्ठेचाळीस मिळणारे हे क्षुल्लक नाणे. त्याची कड कातरून तांबे चोरणारा चोर पोटाला महागच पडला असता. मग त्यावर एवढी मेहनत कशासाठी? यावरून कडेच्या दुसऱ्या कामाचा उलगडा होतो. कातरणाऱ्यापासून रक्षण हे सोन्या-चांदीचे काम झाले. नकली नाणे पाडणाऱ्यापासून रक्षण हे सर्वच नाण्यांचे काम. साच्यात माती दाबून छाप्याची नक्कल करणे कोणाही कासाराला जमेल, पण कडेवरची अक्षरे उचलणे जमणार नाही. कारण साचा दोन पाळ्यांचा असतो आणि त्या दोन पाळ्या नेमक्या कडेवर येऊन मिळतात.

चांदीच्या बाबतीत कंपनीने अक्षरांऐवजी दाते पसंत केले, आणि त्यातून बंगालमध्ये एक मोठे मौजेचे प्रकरण उभे राहिले. तेथे असा प्रघात होता की, चालू सालचा रुपया पूर्ण किमतीचा. तो एक साल जुना झाला की त्यावर बट्टा, आणखी जुना झाला की अधिक बट्टा. चांदी तीच, पण साल बदलले म्हणून किंमत उतरली! यावर उपाय म्हणून कंपनीने रुपयावरील साल गोठवून टाकले. बादशहा शहाआलम याच्या कारकीर्दीचे १९ वे वर्ष एकदा घातले ते घातलेच. पुढे कित्येक दशके मुर्शिदाबादी रुपया १९ सनाचाच निघत राहिला. मग आज अभ्यासकाने दोन रुपयांतील आधीचा कोणता आणि मागाहूनचा कोणता, हे ओळखावे कसे? छापा तोच, काटा तोच, साल तेच. ओळखावयाचे ते कडेवरून. १७९३ च्या सुमारास यंत्राने पाडू लागलेल्या या रुपयांवर प्रथम तिरपे दाते आले. नंतर उभे दाते. आणि शेवटच्या रुपयांची कड सपाट. पुढच्या-मागच्या बाजूंनी जे लपवले ते कडेने सांगून टाकले.

१८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखास एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. मुंबईच्या फोर्टात मेजर जॉन हॉकिन्स याच्या देखरेखीखाली उभारलेली वाफेच्या यंत्रांची टांकसाळ त्यापूर्वीच तयार झाली होती. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि आपल्या मुलखातही हा दातेरी कडेचा, नेमका गोल, एकसारखा रुपया हळूहळू घरोघर पोचला. राणीछाप रुपया म्हणून ज्याची कीर्ती आहे तो हाच. तो पुढे इतका विश्वासाचा झाला की, सोनार त्याचा उपयोग तोळ्याचे वजन म्हणून करू लागले. कडेवरचे दाते शाबूत आहेत तोवर तोळा शाबूत आहे, असा त्याचा अर्थ.

या रुपयाची चांदी खाली आली ती दुसऱ्या महायुद्धात. १९४० साली रुपयातील चांदी निम्मी करण्यात आली. उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त. चांदी कमी झाली की खोटा रुपया पाडणाऱ्याचे फावते, हे सरकार जाणून होते. म्हणून या नव्या रुपयास कडही नवी दिली. दात्यांच्या मधोमध एक खोलगट पट्टी आणि त्या पट्टीत बारीक नक्षी. यास सुरक्षा-कड म्हणतात. आपल्या घरी पंचम आणि षष्ठ जॉर्जचे रुपये एकत्र ठेवलेले असतील तर ते कडेने उभे करून पाहा. साधे दाते असलेले जुन्या पूर्ण कसाचे. दात्यांतून पट्टी फिरलेली असेल ते बहुतेक निम्म्या चांदीचे. १९४७ चे रुपये शुद्ध निकेलचे, त्यांत चांदी अजिबात नाही. पण त्यांची परीक्षा सोपी, ते लोहचुंबकास चिकटतात. हा भेद न कळल्यामुळे मुलीच्या लग्नाच्या वेळी सोनाराकडे बसून निराश झालेल्या गृहिणी थोड्याथोडक्या नसतील. हौशी संग्राहकांसही येथे एक खूण सांगून ठेवतो. १९३९ सालचा रुपया फार दुर्मिळ आहे, म्हणून पुढच्या सालच्या रुपयावरील आकडा कोरून १९३९ करण्याचे उद्योग होतात. अस्सल १९३९ च्या रुपयास साधे दाते असतात. आकडा बदलणारा पुष्कळदा कड विसरतो.

आणि आता मुंबईतील एक गोष्ट, जी मला या सर्व विषयात सर्वांत विलक्षण वाटते. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० साली वारली. तिच्या मुखवट्याचे थालर नावाचे चांदीचे मोठे नाणे, वजनाने २८ ग्रॅमचे, अरबस्तान आणि इथिओपिया या भागांत इतके लोकप्रिय होते की, तेथील लोक दुसरे नाणे घेण्यास राजीच नसत. म्हणून तिच्या मृत्यूनंतरही तेच नाणे, १७८० हेच साल घालून, पाडले जात राहिले. आपल्या १९ सनाच्या रुपयाचे हे युरोपीय भावंडच म्हणावयाचे. त्याच्या कडेवर वेलबुट्टी आणि ‘युस्टिशिया एट क्लेमेंशिया’, म्हणजे ‘न्याय आणि दया’, हे सम्राज्ञीचे ब्रीद उठावाच्या अक्षरांत असते. कॉफीच्या आणि कातड्यांच्या बाजारात बसलेले व्यापारी ते नाणे घेताना सम्राज्ञीच्या पदकातील मोती मोजत आणि कडेवरून बोट फिरवून पाहत, असे सांगतात.

१९३५ साली मुसोलिनीने इथिओपियावर स्वारी केली, तेव्हा या नाण्याचे ठसे त्याने ऑस्ट्रियाकडून मिळवले. तेथील लोकांना द्यावयाचा पैसा आपल्याच हाती राहावा, हा त्यातील डाव. इंग्रजांनी १९३६ पासून लंडनमध्ये तेच नाणे पाडण्यास सुरुवात केली. पुढे महायुद्ध पेटले, समुद्र धोक्याचा झाला, आणि आफ्रिकेच्या रणांगणाजवळची टांकसाळ म्हणून काम आले ते मुंबईकडे. १९४० ते १९४२ या काळात मुंबईच्या टांकसाळीने एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक थालर पाडले. एरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर हिंदी पलटणी लढत होत्या, १९४१ च्या मे महिन्यात सम्राट हैले सेलासी आपल्या राजधानीत परतला, आणि त्या मोहिमेत मजुराला, उंटवाल्याला, धान्य विकणाऱ्याला जो पैसा मिळत होता त्याच्या कडेवर ऑस्ट्रियाच्या राणीचे ब्रीद आपल्या मुंबईत उमटलेले होते. परक्या साम्राज्याचे नाणे, परक्या राणीचे नाव, दीडशे वर्षांपूर्वीचे साल, आणि घडवणारे हात मुंबईचे! व्हिएन्ना, लंडन, रोम आणि मुंबई येथील थालर एकमेकांपासून ओळखण्यासाठी अभ्यासक मुखवट्यातील बारकाव्यांबरोबर कडेवरील वेलबुट्टीचे तपशीलही ताडून पाहतात. साल सगळ्यांवर एकच असल्यावर दुसरे करणार तरी काय?

आपल्या हल्लीच्या नाण्यांवर कडेवर अक्षरे नसतात, पण कडेकडे दुर्लक्ष झालेले नाही. ४४ मिलिमीटर व्यासाच्या स्मारक नाण्यास २०० दाते असावेत असे सरकारी अधिसूचनेतच लिहिलेले असते. १९९२ पासूनच्या पाच रुपयांच्या जाड नाण्याची नक्षीदार कड अनेकांच्या बोटांना अजून आठवत असेल. आणि २०२० पासून हाती येऊ लागलेला वीस रुपयांचा तुकडा बारा कोनांचा आहे, तो दृष्टिहीनांसही चाचपून कळावा म्हणून.

आता आपल्या पेट्यांतील नाण्यांकडे वळू. या झाडीपट्टीत राणीछाप रुपयांच्या माळा अनेक घरांत आहेत; गोंड भगिनींच्या गळ्यात तर त्या पिढ्यान्‌पिढ्या शोभत आलेल्या आहेत. माळेसाठी रुपयाच्या कडेवर कडी डागलेली असते. ती कडी काढून, जागा घासून, रुपया पुन्हा साधा करून विकण्याची रीत आहे. तेथे दोन-चार दाते गेलेले दिसतात किंवा डागाचा पांढुरका ठिपका दिसतो. मला विचाराल तर कडीचा रुपया कडीसह ठेवावा. संग्राहकाच्या बाजारात त्याची किंमत उतरते हे खरे; पण ज्या गळ्यात तो होता त्याची ती खूण आहे, आणि ती घासून काढल्याने काही तो कोरा होत नाही.

खोटे जुने रुपये आज पुष्कळ विकले जातात. त्यांतील ओतीव रुपया कडेवरच पकडला जातो. साच्याच्या दोन पाळ्या मिळाल्या तेथे कडेच्या मध्यावरून एक रेघ जाते. ती कानशीने घासून काढलेली असेल तर दात्यांवर आडवे ओरखडे दिसतात. अस्सल नाण्याचे दाते उभे, सारख्या अंतराचे आणि धारदार. ओतीवाचे दाते विरघळल्यासारखे बोथट. मुलामा दिलेले नाणे असेल तर झीज सर्वांत आधी कडेवर होते आणि तेथून तांबूस धातू डोकावू लागतो. नंतर वजन पाहावे. पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅम भरला पाहिजे, झिजलेला थोडा कमी भरेल.

यापेक्षा भयंकर फसवणूक एक आहे, आणि आपण धान पिकवणारे लोक असल्यामुळे ती येथे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. तांदूळ ओढणारे नाणे म्हणून तांब्याचा एखादा तुकडा दाखवण्यात येतो. त्यावर १६१६ किंवा १८१८ असे साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि रामपंचायतनाचे किंवा मारुतीचे चित्र असते. तांदळाचे दाणे त्याकडे सरकताना दाखवतात, परदेशी संस्था कोट्यवधी रुपये देणार आहेत असे सांगतात, आणि तपासणीच्या खर्चापायी भोळ्या माणसाचे शेत विकावयास लावतात. कंपनीने १६१६ साली येथे असली नाणी पाडलीच नव्हती. देवदेवतांच्या चित्रांचे असले तुकडे तिच्या चलनात कधीही नव्हते. मंदिरांच्या आसपास विकल्या जाणाऱ्या रामटंक्यांची ही भावंडे आहेत, पूजेच्या पेटीत ठेवण्यास ठीक. तांदूळ सरकतो तो त्याच्यात लोखंडाचा कीस मुरवलेला असतो आणि जवळपास चुंबक असतो म्हणून. तांब्यास तांदळाचे कसलेही प्रेम नाही.

शेवटी जमिनीतून निघणाऱ्या नाण्यांविषयी. नांगराच्या फाळाला किंवा घराच्या पायात मडके लागते, आणि बातमी फुटू नये म्हणून रातोरात नाणी चार घरांत वाटली जातात, चिंच लावून घासली जातात आणि शेवटी वितळवली जातात. यात काय जाते ते पाहा. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. नाणी दीड हजारांच्या वर. सातवाहनांच्या नाण्यांवरही अक्षरे कडेबाहेर गेलेली असतात. एका नाण्यावरून राजाचे नाव पुरे होत नाही. एकावर पहिली अक्षरे, दुसऱ्यावर मधली, तिसऱ्यावर शेवटची, अशी जुळवणी करावी लागते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती केली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांतील यादीत न सापडणारी राजांची नावे उजेडात आली. तो साठा चार घरांत वाटला गेला असता, तर प्रत्येक घरी अर्ध्या अर्ध्या अक्षरांची मूठभर नाणी राहिली असती आणि ते राजे कायमचे नाहीसे झाले असते.

कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. १८७८ चा निखात-निधीचा कायदा असे सांगतो की, जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावा. मूळ मालक निघाला नाही, तर सापडवणाऱ्यास तीन-चतुर्थांश आणि जमीनमालकास एक-चतुर्थांश, असा वाटा त्याच कायद्यात आहे. सरकारने ठेवा स्वतः घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देण्याची तरतूद आहे. हक्क जातो तो लपवणाऱ्याचा, आणि वर शिक्षा होऊ शकते. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, आपल्यापासून फार दूर नाही. नाशिकजवळ आंजनेरीस नाण्यांच्या संशोधनाची स्वतंत्र संस्था आहे. तेथील जाणकारांस नाणे दाखवताना ते घासूनपुसून नेऊ नये. जसे निघाले तसे न्यावे.

घरातील नाण्यांची नोंद मात्र आजच करता येईल. नाणे नेहमी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कडेने धरावे, तोंडावर बोटे टेकवू नयेत. सोनाराच्या काट्यावर वजन घ्यावे. पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी कापून ती नाण्याच्या कडेभोवती घट्ट गुंडाळावी आणि वरून मऊ शिसपेन्सिल आडवी फिरवावी. दाते, पट्टी, नक्षी, अक्षरे जे काही असेल ते कागदावर उमटते. पट्टी उलगडून वहीत चिकटवावी आणि शेजारी नाण्यावरील साल, वजन, ते कोणाकडून आले आणि माळेत होते की पेटीत, एवढे लिहावे. एक दाता तुटका असेल तर पट्टीवर तेथे बाणाची खूण करावी. पाच-सात रुपयांच्या पट्ट्या एकाखाली एक लागल्या की त्यांतील वेगळी कोणती, हे घरातील शाळकरी मूलसुद्धा बोट ठेवून सांगेल.